फडताळ निघालं स्पितीला

आमच्या घरात प्रवासाला निघायचं ठरलं की कामाची वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठरलेली आहे. 'हे' गाडीचं तेलपाणी बघतात, चाकांत हवा भरून आणतात, आणि मग हातात किल्ली फिरवत अंगणात उभे राहून विचारतात, "झालं का गं तुझं?" माझं म्हणजे उरलेलं सगळं! दोन बॅगा, एक वळकटी, स्टोव्ह, कुकर, पाण्याचा कॅन, औषधांची पिशवी, सांगलीचं भडंग, मेतकूट, तिखटमिठाचे डबे आणि 'असू दे, लागेल' या सदराखाली येणाऱ्या आणखी दहाबारा पिशव्या. 'ह्यां'ना जीपचं वेड. चारही चाकांना जोर मिळणारी जुनी जीप त्यांनी हौसेने घेतली, आणि जिथे डांबर संपतं तिथूनच त्यांचा प्रवास सुरू होतो. अशा रस्त्यावर तास-दोन तास हादरे बसले की मी नीट रचलेल्या पिशव्यांचा काला झालेला असतो.

मुक्कामाला पोचलं की बाकीचे उतरतात, आळस देतात, "अहाहा! काय देखावा आहे!" म्हणतात. मी मागचं दार उघडून आत शिरते. लडाखचा पँगाँग तलाव सगळे कौतुकाने सांगतात ना, त्याचं ते निळं पाणी मी पाहिलं ते रव्याची पिशवी शोधता शोधता, काखेखालून!

हे सगळं मी हसून सांगते आहे, पण त्याच २०१८ सालच्या लडाखच्या प्रवासात एक सकाळ अशी आली की नंतर कित्येक दिवस मला झोप नीट लागली नाही. 'ह्यां'ना मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं. सरचूहून पहाटे निघालो. उंचीवर भूक मरते, त्यामुळे टोचून घेतलं नेहमीइतकंच आणि खाल्लं मात्र अर्धीच पोळी. पांगच्या पुढे मोरे मैदान लागतं. साडेचार हजार मीटरहून उंच, सपाट, माणूस ना काणूस. तिथे 'ह्यां'नी गाडी हळूच कडेला घेतली आणि गप्प बसून राहिले. बाहेर बोचरी थंडी, आणि ह्यांच्या कपाळावर घामाचे थेंब. हात थरथरत होते. "अहो, काय होतंय?" म्हटलं तर उत्तर भलतंच. साखर उतरली हे माझ्या लगेच लक्षात आलं. ग्लुकोजची डबी बरोबर होतीच. पण होती कुठे? औषधांच्या पिशवीत. औषधांची पिशवी कुठे? तंबूच्या गाठोड्याखाली. आणि गाठोडं दोरीने करकचून बांधलेलं!

थंडीने बोटं वळत नव्हती, गाठ सुटेना. शेवटी सुरीने दोरी कापली (ती सुरीसुद्धा शोधावी लागली!), तांदूळ, डाळ, कपडे सगळं रस्त्यावर फेकलं, तेव्हा डबी हाताला लागली. दहा मिनिटं गेली असतील. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. पाण्यात कालवलेलं ग्लुकोज पोटात गेलं, पाव तासाने 'हे' माणसात आले आणि म्हणाले, "अगं, हा पसारा कसला मांडलायस?" मी त्या डाळतांदळात बसले आणि रडले.

घरी परत येताना मी एकच वाक्य सांगून टाकलं. एक तर हे असले प्रवास बंद, नाहीतर पिशव्या बंद.

उपाय सापडला तो पुढच्या वर्षी, पर्थला वन्सं असतात त्यांच्याकडे. त्यांच्या शेजाऱ्यांच्या मोठ्या जीपमधून आम्ही पर्थच्या उत्तरेला दोनेकशे किलोमीटरवर पिनॅकल्सचं वाळवंट आहे तिथे गेलो. पिवळ्या वाळूत चुनखडीचे हजारो सुळके उभे. पण खरं सांगू? मला त्या सुळक्यांपेक्षा जीपच्या मागच्या दाराचंच नवल वाटलं. दार उघडलं तर आत सामान नाहीच. दिसतात फक्त दोन रुंद खण, आपल्या कपाटाला असतात तसे. एक ओढला तर त्यात चूल, भांडी, चहासाखर. दुसऱ्यात दोर, हत्यारं, औषधं. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत आडरानात जाणारे लोक असे खण गाडीत बसवून घेतात, तयारही मिळतात. मी 'ह्यां'च्याकडे बघितलं. 'हे' म्हणाले, "आपला सुतार करील की!"

सुताराला बोलावण्याआधी मी एक काम केलं, ते तुम्हालाही सांगते, कारण स्वयंपाकघर नवं करायचं झालं तरी ते उपयोगी पडेल. जीपची मागची जागा आतून मोजली. चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी ४० इंच, खोली ३४ इंच. तेवढा चौकोन दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने आखला आणि खरोखरचं सामान त्यात मांडून बघितलं. कुकर, तवा, डबे, सगळं. जे दोन प्रवासांत एकदाही वापरलं नव्हतं ते बाहेर. सोळातल्या सात पिशव्या तिथेच गळल्या! चौकोनात उकिडवी बसून मी मांडामांड करत होते तेव्हा सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "हे काय, या वयात आट्यापाट्या?"

'ह्यां'चा आराखडा वेगळाच होता. सगळ्यात मोठा, सगळ्यात पुढचा खण जॅक, पाना आणि दोरांना. मी विचारलं, "दिवसातून किती वेळा जॅक लावता?" गप्प बसले. दिवसातून चार वेळा लागणारी वस्तू दाराशी, चार दिवसांतून एकदा लागणारी मागे. आपल्या ओट्याचा हाच नियम आहे ना? तेलाची बरणी आपण माळ्यावर ठेवतो का? दोन दिवस धुसफूस झाली, पण शेवटी खडूचा चौकोन पुसला तो माझ्या मांडणीप्रमाणे.

मग आले आमचे सुतारमामा. त्यांनी जन्मभर ओट्याखालच्या ट्रॉल्या केलेल्या. म्हणाले, "वैनी, १८ मिलीमीटरचं प्लायवुड घालतो, वर सनमायका. हत्ती नाचला तरी हलायचं नाही!" मी म्हटलं, "मामा, हत्ती नाचणार नाही, पण जीपला तो उचलून न्यायचा आहे." आठ बाय चारच्या १८ मिलीमीटर फळीचं वजन पस्तीस किलोच्या आसपास भरतं. १२ मिलीमीटरची तेवीसच्या आसपास. दोन फळ्या लागणार, म्हणजे सरळ चोवीस किलोचा फरक. एका लहान मुलाचं वजन! शेवटी १२ मिलीमीटरचं, पाण्याला न फुगणारं मरीन प्लायवुड घेतलं, सनमायकाला फाटा दिला, आणि कोपऱ्याकोपऱ्यात आतून ॲल्युमिनियमच्या अँगलपट्ट्या मारल्या.

खोकं बाहेरून ११ इंच उंच. उजवीकडे पूर्ण उंचीचा स्वयंपाकाचा खण. डावीकडे वरती तीन इंची चपटा खण, त्याखाली सहा इंची शिध्याचा. चॅनेल २४ इंची, त्यामुळे खणांच्या मागे आठेक इंचांची मोकळी जागा राहिली. तिला वरून झाकण केलं आणि 'ह्यां'चा जॅक तिथे गेला. स्वयंपाकाच्या खणावर एक फळी ठेवली, पोळपाटासारखी बाहेर ओढली की ओटा तयार. तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलाय, म्हणजे शेगडीच्या आचेने लाकूड काळं पडत नाही.

इथे दोनतीन गोष्टी मी मुद्दाम जपून सांगते. बाजारात मिळणाऱ्या चॅनेलच्या जोडीला बाजूंना अर्धा अर्धा इंच जागा लागते, म्हणून खण आतल्या मापापेक्षा बरोब्बर एक इंच अरुंद हवा. आमचा पहिला खण दोन सूत जास्त झाला, तो पुन्हा करावा लागला. घरातल्या खणाला कडी नसली तरी चालते. जीप चढावर गेली की खण आपसूक बाहेर येतो आणि दारावर आदळतो. त्यासाठी जुन्या ट्रंकेला असायच्या तशा दाबून बसणाऱ्या कड्या लावल्या. नुसते स्क्रू हादऱ्यांनी ढिले होतात, म्हणून जिथे भार आहे तिथे आरपार नटबोल्ट, आणि नट आतून नायलॉनची कडी असलेले, जे सुटत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोकं गाडीला जखडलेलं हवं. भरलेलं खोकं शंभर किलोच्या पुढे जातं. करकचून ब्रेक लागला तर तेच खोकं पाठीमागून आपल्यावर येईल. आम्ही गाडीला एकही नवं भोक पाडलं नाही. मागच्या आसनांचे मूळचे बोल्ट जिथे आहेत तिथेच लोखंडी पट्ट्या अडकवल्या. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, त्यामुळे आसनं उचकटायची नाहीत, कापाकापी करायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. आसनं दुमडलेली तशीच आहेत. खोकं चार बोल्ट काढले की बाहेर.

२०२२ च्या मे महिन्यात चाचणी म्हणून महाबळेश्वरावरून तापोळ्याला गेलो. कोयनेच्या शिवसागराच्या काठाने तांबड्या मातीचे रस्ते आहेत. तिथली धूळ चॅनेलमधल्या वंगणाला चिकटली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चपटा खण अडला तो अडलाच. आणि त्याच खणात मी ग्लुकोज ठेवलं होतं! 'ह्यां'नी ओढला, मी ओढला, शेवटी लाथ घातल्यावर उघडला. मला मोरे मैदान आठवलं. येताना मी वाटभर बोलले नाही.

सुतारमामा म्हणाले, "वैनी, घरातल्या ट्रॉलीला कुठं एवढी धूळ असती?" तोडगा काढला तो सासूबाईंनी. त्यांच्या माहेरच्या सागवानी कपाटाला चॅनेल-बिनेल काही नव्हतं. लाकडावर लाकूड सरकायचं, आणि दर दिवाळीला त्यांची आई खणाच्या कडांना मेणबत्तीचा तुकडा घासायची. "ऐंशी वर्षं झाली, अजून लोण्यासारखा सरकतो बघ," म्हणाल्या. मग चपट्या खणाचं चॅनेल काढून टाकलं, सागाच्या गुळगुळीत पट्ट्या बसवल्या आणि वर मेण घासलं. बाकीचे दोन खण जड, ते चॅनेलवरच ठेवले, पण दाराच्या कडांना रबराची पट्टी लावली आणि एक कोरडा ब्रश बरोबर घेतला. तेल मात्र घालायचं नाही. तेलाने धूळ आणखीच जमते.

आणि सप्टेंबरात आम्ही स्पितीला निघालो. सिमल्याला पोचायला चार दिवस लागले. तिथून किन्नौरच्या बाजूने वर चढायचं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. मनालीकडून गेलं की उंची एकदम गाठली जाते. इकडून नारकंडा, रामपूर, कल्पा, नाको असं टप्प्याटप्प्याने अंगवळणी पडते. आमच्या वयाला हेच बरं.

नारकंड्यालाच पहिला धडा मिळाला. मागचं दार उघडलं तर आंब्याच्या लोणच्याचा घमघमाट! उंचीवर बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, बंद बरणीतली हवा फुगते, आणि झाकणाच्या फटीतून लोणच्याचं तेल निघून खणभर झालेलं. भडंगाच्या पिशव्या तर उशीसारख्या टम्म. तेव्हापासून दर मुक्कामाला सगळी झाकणं एकदा सैल करून पुन्हा घट्ट करायची, हा क्रम झाला. त्या खणाचा वास अजून गेलेला नाही.

कल्पाला पहाटे किन्नौर कैलासाच्या शिखरांवर ऊन पडतं. तिथे पहिल्यांदा मजा कळली. खण ओढला, फळी बाहेर काढली, पाच मिनिटांत चहा. आणि मी कप घेऊन चक्क उभी राहिले, समोर बघत! 'हे' दोनदा म्हणाले, "काही शोधायचं नाहीये का तुला?"

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तिथून पुढे हिरवा रंग जवळजवळ संपतो. डोंगर उघडेबोडके, राखेचे, विटकरी, जांभळट. वाऱ्यावर धूळ पिठासारखी उडते. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. बाहेरून बघाल तर आपल्याकडच्या खेड्यातली जुनी मातीची घरं वाटतील. आत अंधारात भिंतीभर चित्रं, हजार वर्षांपूर्वीच्या मातीवर! आत फोटो काढू देत नाहीत ते फार चांगलं करतात, माणूस निदान डोळ्यांनी बघतो. हिक्कीमचं टपाल कार्यालय १९८३ पासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर चालू आहे. तिथून सासूबाईंना कार्ड टाकलं. 'मेणबत्ती लागू पडली' एवढंच लिहिलं.

खरंच लागू पडली होती. नाकोनंतर स्वयंपाकाचा खण रोज कुरकुरायचा. रोज रात्री मी ब्रशने चॅनेल झाडायची, देवघर झाडावं तसं. चपटा खण मात्र एकदाही अडला नाही. काझाला साडेतीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही. कुकर नेलाच पाहिजे. गॅसचा ५ किलोचा सिलेंडर मात्र खणात ठेवू नका हं. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बंद खणात तळाशी साठून राहतो. आमचा बाजूच्या कोनाड्यात उभा, पट्ट्याने बांधलेला असतो, आणि रात्री गाडीबाहेर. इन्सुलिनही खणात नाही. ते गोठलं की निकामी होतं. दिवसा माझ्या पर्समध्ये आणि रात्री पांघरुणात, माझ्याजवळ.

लोसरहून सकाळी निघून कुंझुमची खिंड ओलांडली. उंची ४,५५१ मीटर. वर देवीचं ठाणं आहे, तिथे गाड्या प्रदक्षिणा घालून पुढे जातात. आम्हीही घातली. त्यापुढे बातलपासून ग्रांफूपर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरला रस्ता म्हणायचं ते निव्वळ सभ्यता म्हणून. नदीच्या पात्रातले गोटेच ते. वरून बर्फ वितळून येणारे ओढे दुपारी फुगतात, म्हणून लवकर गाठायचे असतात. पण आमच्यापुढे एक टेम्पो ओढ्यात रुतला आणि दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. 'हे' पँट वर करून त्या गार पाण्यात उतरले आणि इतरांबरोबर दगड रचू लागले. मी दोनदा हाक मारली. ऐकतील तर शपथ! जेवणाची वेळ टळून तास झाला.

परत आले ते दगडावर बसले. बोलेनात. मी हात हातात घेतला तर ओला, आणि तो नदीच्या पाण्याने नव्हे.

मी मागे गेले. दार वर. कडी दाबली. चपटा खण, डावा कोपरा, पुढे. डबी हातात आली तेव्हा मी खणाकडे बघतही नव्हते, 'ह्यां'च्याकडे बघत होते. तीन चमचे पाण्यात. दार उघडल्यापासून घोट घशाखाली उतरेपर्यंत एक मिनिट लागलं नसेल. पाव तासाने पुन्हा रक्त तपासलं, साखर वर येत होती. मग दोन बिस्किटं आणि दशमी खायला दिली. "पसारा नाही मांडलास?" एवढंच म्हणाले.

टेम्पो निघायला आणखी तास लागला. त्यातल्या बायका थंडीने काकडत उभ्या होत्या. मी फळी ओढून चहा टाकला, सगळ्यांना मिळून अकरा कप. कप संपले तसे वाट्यांतून दिला. बायका चहा घेता घेता खणांत डोकावत होत्या, शेजारणीचं नवं स्वयंपाकघर बघावं तशा. एका बंगाली मावशींनी तर हळदीचा डबा उघडून वास घेतला. पलीकडे 'हे' पुरुषमंडळींना समजावत होते, "मी म्हटलं, रोज लागणारं सामान दाराशीच पाहिजे. जॅक काय, मागे चालतो!"

सिस्सूच्या अलीकडे ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला अटल बोगदा आहे. नऊ किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता. दहा दिवसांत पहिल्यांदाच मागून कुकरचा आवाज आला नाही, तर मीच घाबरून मागे वळून बघितलं.

आता खोकं चार बोल्ट काढून मागच्या पडवीत आणून ठेवलंय. शिध्याच्या खणात सध्या कांदे आहेत, आणि स्वयंपाकाच्या खणाला लोणच्याचा वास येतो म्हणून सासूबाईंनी त्यात लोणच्याच्याच बरण्या ठेवल्यात. चपटा खण मी कुणाला वापरू देत नाही. त्याच्या कडांना परवा पुन्हा मेण घासलं. आता म्हणे झंस्कारला जायचं आहे.